मालक दिवाळखोर झाल्यावर कामगाराच्या थकलेल्या पगाराचे काय?

कारखान्याच्या फाटकावर एके दिवशी सकाळी नोटीस लागते. आधीचे चार-पाच महिने पगार अर्धवट किंवा उशिरा झालेला असतो. 'पुढच्या महिन्यात सारे सुरळीत होईल' हे आश्वासन ऐकून कामगारांनी दिवस काढलेले असतात. नोटीस वाचल्यावर मात्र कळते की कंपनी कर्जात बुडाली असून प्रकरण न्यायाधिकरणाकडे गेले आहे. घराचे हप्ते, मुलांची फी, आईवडिलांची औषधे ही सारी गणिते त्या एका कागदाने कोलमडून पडतात. त्यानंतर बहुतेक जण एक तर दैवाला दोष देत घरी बसतात किंवा 'युनियन काय ते बघेल' असे म्हणून दुसरी नोकरी शोधू लागतात.

प्रिय वाचकहो, या दोन्ही मार्गांनी हक्काचा पैसा हातचा जाण्याची भीती असते. दिवाळखोरीच्या कायद्याने कामगाराला धनकोंच्या रांगेत बरेच वरचे स्थान दिले आहे. परंतु जो मुदतीत आणि पुराव्यानिशी आपला दावा दाखल करतो, त्यालाच त्या स्थानाचा उपयोग होतो. म्हणून थकीत वेतन, कपातीची नुकसानभरपाई, ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी यांविषयीची तरतूद सर्वसामान्य वाचकाला समजेल अशा रीतीने येथे देत आहोत.

कायदा कसा घडत गेला

कंपनी बुडाली की तिची मालमत्ता विकून देणी भागवायची, ही पद्धत जुनी आहे. पूर्वी मालमत्ता गहाण ठेवून घेतलेल्या बँका प्रथम आपले कर्ज वसूल करीत आणि कामगारांच्या वाट्याला फारसे काही उरत नसे. कंपनी गुंडाळण्याच्या खटल्यात कामगारांचे म्हणणे ऐकून घेणेदेखील बंधनकारक मानले जात नव्हते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यात बहुमताने निर्णय दिला की, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर आपले म्हणणे मांडण्याचा कामगारांना अधिकार आहे. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईतील गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला होता. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि थकबाकीसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या कुटुंबांची एक संपूर्ण पिढी मुंबईने पाहिली.

१९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या देण्यांच्या बरोबरीने आणली गेली. त्यानंतर २०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. आज कंपन्यांच्या दिवाळखोरीचा कारभार याच संहितेनुसार चालतो. महाराष्ट्र आणि गोव्यातील कंपन्यांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे येतात.

कामगार कायद्यांतही अलीकडे मोठा बदल झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता अमलात आल्या आणि औद्योगिक विवाद कायदा, वेतन प्रदान कायदा, ग्रॅच्युइटी कायदा इत्यादी जुन्या कायद्यांची जागा त्यांनी घेतली. जुन्या कायद्यांतील हक्कांचा गाभा मात्र या संहितांत बहुतांशी कायम आहे.

प्रक्रियेचे दोन टप्पे

पहिला टप्पा कंपनी वाचवण्याचा. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात आणि कारभार 'रिझोल्यूशन प्रोफेशनल' या अधिकाऱ्याच्या हाती जातो. त्याच दिवसापासून कंपनीविरुद्धचे दावे व वसुलीची कारवाई थांबते. त्यामुळे कामगार न्यायालयात चालू असलेला वसुलीचा खटलाही तेथेच अडतो. कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्था यांची समिती नव्या खरेदीदाराच्या योजनेवर मतदान करते. या समितीत कामगारांना मत नसते. कामगारांसह सर्व व्यावहारिक धनकोंची देणी एकूण कर्जाच्या किमान दहा टक्के असतील, तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीस बसता येते. मतदान मात्र करता येत नाही. कायद्याने या टप्प्यासाठी जास्तीत जास्त ३३० दिवसांची मुदत घातली आहे. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे त्याहून पुष्कळ लांबतात.

योजना मंजूर झाली नाही किंवा फसली, तर दुसरा टप्पा येतो. त्याला लिक्विडेशन म्हणतात. यात लिक्विडेटर कंपनीची मालमत्ता विकून ठरलेल्या क्रमाने पैसे वाटतो. कंपनीचा व्यवसाय चालू ठेवला जात नसेल, तर लिक्विडेशनचा आदेश हीच कामगारांना व अधिकाऱ्यांना सेवामुक्तीची नोटीस मानली जाते.

कोणकोणत्या रकमा मागता येतात

दाव्यात फक्त थकलेला पगार लिहून थांबणे ही नेहमी घडणारी चूक आहे. पुढील सर्व बाबींचा विचार करावा.

१. थकीत वेतन, महागाई भत्ता, ओव्हरटाइम आणि बोनस.

२. शिल्लक राहिलेल्या हक्काच्या रजेचे पैसे.

३. नोटिशीच्या बदल्यातील वेतन. किमान एक वर्ष सलग नोकरी केलेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन मिळाले पाहिजे.

४. कपातीची नुकसानभरपाई. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन या दराने ती मोजतात. कारखाना कायमचा बंद झाल्यासही सामान्यतः याच दराने भरपाई मिळते.

५. ग्रॅच्युइटी. पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर ती मिळते. शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणावे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणावे. सहा महिन्यांहून अधिक असलेले अपुरे वर्ष पूर्ण धरले जाते. मुदतीच्या करारावरील कामगारांना नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

६. पगारातून कापलेली पण भविष्य निर्वाह निधीत न भरलेली रक्कम आणि मालकाचा थकलेला हिस्सा.

एक उदाहरण घेऊ. एका कामगाराचे मासिक वेतन २६,००० रुपये आहे, सेवा १२ वर्षे झाली आहे आणि ५ महिन्यांचा पगार थकला आहे. थकीत वेतन १,३०,००० रुपये, नोटिशीचे वेतन २६,००० रुपये, कपातीची भरपाई १,५६,००० रुपये आणि ग्रॅच्युइटी १,८०,००० रुपये, अशी एकूण ४,९२,००० रुपयांची मागणी होते. त्याने केवळ पगाराचा दावा केला, तर साडेतीन लाखांहून अधिक रकमेवर तो आपण होऊन पाणी सोडतो.

दावा कसा व कधी दाखल करावा

अर्ज दाखल झाल्यावर अंतरिम अधिकारी नेमला जातो. तो तीन दिवसांत जाहीर सूचना काढतो. ही सूचना एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात, तसेच भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. अधिकाऱ्याचे नाव, पत्ता, ईमेल आणि दाव्याची शेवटची तारीख तीत दिलेली असते.

कामगार किंवा कर्मचारी यांनी 'डी' नमुन्यात दावा भरायचा असतो. अनेक कामगारांच्या वतीने एकच प्रतिनिधी 'ई' नमुन्यात एकत्रित दावा दाखल करू शकतो. दावा हस्ते, टपालाने किंवा ईमेलने पाठवता येतो. त्यासाठी न्यायालयाचे शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचे खातेउतारे, ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, मालकाला पाठवलेले मागणीपत्र आणि कामगार न्यायालयाचा निकाल असल्यास त्याची प्रत जोडावी. नेमणूकपत्र नसेल, तर बँकेत जमा झालेला पगार आणि निधीच्या नोंदी हाही उपयुक्त पुरावा ठरतो.

पहिली मुदत अंतरिम अधिकाऱ्याच्या नेमणुकीपासून चौदा दिवसांची असते. ती हुकली तरी लगेच सारे संपत नाही. प्रक्रिया सुरू झाल्यापासून नव्वद दिवसांपर्यंत किंवा खरेदीदारांकडून योजना मागवल्या जाईपर्यंत, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोवर, उशिराचे कारण देऊन दावा करता येतो. त्यापुढे मात्र न्यायाधिकरणाची दारे ठोठवावी लागतात.

या मुदतीचे महत्त्व एका निकालावरून स्पष्ट व्हावे. १३ एप्रिल २०२१ रोजी घनश्याम मिश्रा अँड सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, न्यायाधिकरणाने योजना मंजूर केल्यावर तीत समाविष्ट नसलेले दावे संपुष्टात येतात. नवा मालक स्वच्छ पाटी घेऊन कारभार सुरू करतो. ज्याने दावाच केला नाही, त्याला पुढे त्या मालकाच्या दारात उभे राहण्यास आधार उरत नाही.

अधिकाऱ्याने दावा फेटाळला किंवा रक्कम कमी केली, तर त्याचे कारण लेखी मागावे आणि न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. लिक्विडेशनच्या टप्प्यात लिक्विडेटरच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची मुदत केवळ चौदा दिवसांची आहे. तसेच लिक्विडेशन सुरू झाल्यावर नवी जाहीर सूचना निघते. आधी दावा केलेला असला तरी त्या वेळी तो पुन्हा दाखल करणे शहाणपणाचे होय.

रांगेतील स्थान

संहितेच्या कलम ५३ मध्ये पैसे वाटण्याचा क्रम दिला आहे. सर्वप्रथम प्रक्रियेचा खर्च भागवला जातो. दुसऱ्या क्रमांकावर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि आपले तारण लिक्विडेशनच्या मालमत्तेत सोडून दिलेल्या बँकांचे कर्ज, ही दोन्ही समान पातळीवर येतात. तिसऱ्या क्रमांकावर कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची देणी येतात. विनातारण कर्जे, सरकारी कर, उर्वरित देणी आणि अखेरीस भागधारक हे त्याखाली असतात. कामगाराची चोवीस महिन्यांपलीकडची थकबाकी खालच्या 'उर्वरित देणी' या वर्गात जाते आणि तेथपर्यंत पैसा क्वचितच पोहोचतो.

म्हणून आपण 'कामगार' आहोत की 'कर्मचारी', हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पदाचे नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय होते हे पाहिले जाते. अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचे काम करणारा कामगार असतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा, तसेच ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, या व्याख्येतून वगळला जातो. नव्या औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकासाठी ही मर्यादा महिना १८,००० रुपये आहे. नेमणूकपत्रावर 'एक्झिक्युटिव्ह' लिहिले होते म्हणून कोणी स्वतःहून तिसऱ्या रांगेत जाऊन उभे राहू नये.

समान पातळी म्हणजे काय, हेही समजून घेऊ. समजा, खर्च वजा जाता विक्रीचे ९ कोटी रुपये उरले. कामगारांची देणी ३ कोटी आणि तारण सोडलेल्या बँकांचे कर्ज २७ कोटी आहे. एकूण ३० कोटींच्या देण्यासाठी ९ कोटी, म्हणजे प्रत्येकाला रुपयामागे ३० पैसे मिळतील. कामगारांच्या वाट्याला ९० लाख आणि बँकांच्या वाट्याला ८ कोटी १० लाख येतील. खालच्या कोणालाही काही मिळणार नाही. आपल्या उदाहरणातील कामगाराची ग्रॅच्युइटी सोडून उरलेली ३,१२,००० रुपयांची देणी या रांगेत असतील, तर त्याच्या हाती त्यांपैकी ९३,६०० रुपये पडतील.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. कलमाच्या शब्दांनुसार हे चोवीस महिने लिक्विडेशन सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे मोजायचे आहेत. पहिला टप्पा जितका रेंगाळेल, तितका जुना थकलेला पगार या मर्यादेबाहेर सरकण्याचा धोका वाढतो. कायद्यातील विलंबाची किंमत येथे कामगाराला मोजावी लागते.

रांगेबाहेरची रक्कम

भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांतून कामगाराला व कर्मचाऱ्याला येणे असलेली रक्कम कंपनीच्या वाटपयोग्य मालमत्तेत धरली जात नाही, असे कलम ३६ सांगते. ही रक्कम कामगाराचीच असते, म्हणून ती बँकांबरोबर वाटून घ्यावी लागत नाही. एबीजी शिपयार्ड या जहाजबांधणी कंपनीच्या कामगारांच्या प्रकरणात १९ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्टपणे मांडले.

मात्र कंपनीने ग्रॅच्युइटीसाठी स्वतंत्र निधीच ठेवला नसेल, तर प्रश्न गुंतागुंतीचा होतो आणि न्यायाधिकरणांचे निर्णय याबाबत एकाच दिशेचे नाहीत. अशा वेळी दाव्यात ग्रॅच्युइटी स्वतंत्रपणे दाखवावी आणि ती रांगेबाहेर पूर्ण मिळावी अशी स्पष्ट मागणी लिहावी.

त्याच निकालात दुसराही एक मुद्दा निकाली निघाला. दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असतानाच्या काळातील पगार 'प्रक्रियेचा खर्च' म्हणून सर्वांत आधी मिळू शकतो. परंतु त्या काळात कंपनी चालू होती आणि आपण प्रत्यक्ष काम केले, हे कामगाराला सिद्ध करावे लागते. म्हणून अशा काळात हजेरीपुस्तकाच्या प्रती, गेटपास, कामाचे ईमेल व संदेश जपून ठेवावेत.

जेट एअरवेजच्या प्रकरणाचा धडा

मुंबईतून कारभार चालवणाऱ्या जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. २० जून २०१९ रोजी मुंबईच्या न्यायाधिकरणाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. जून २०२१ मध्ये जालान-कालरॉक समूहाची योजना मंजूर झाली. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी या योजनेत पूर्णपणे दिली जात नसल्याने कर्मचारी संघटना अपिलात गेल्या. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी अपील न्यायाधिकरणाने दिवाळखोरी सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतचा भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी द्यावी, असा आदेश दिला. समूहाचे त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२३ रोजी फेटाळले.

कामगारांनी निकाल जिंकला, पण योजना प्रत्यक्षात उतरली नाही. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून कंपनीच्या लिक्विडेशनचा आदेश दिला. विमाने थांबल्याला तेव्हा साडेपाच वर्षे उलटली होती.

संघटित राहून अपील केल्यामुळे योजनेत डावललेला हक्क न्यायालयात सिद्ध झाला, हे या प्रकरणातून दिसते. त्याचबरोबर हक्क सिद्ध होणे आणि पैसा हाती पडणे यांत किती अंतर असू शकते, हेही दिसते. केवळ या पैशाच्या भरवशावर कोणी नवे कर्ज काढू नये, इतके सांगणे कर्तव्य वाटते.

लहान आस्थापने आणि कंत्राटी कामगार

वर वर्णन केलेली प्रक्रिया कंपन्यांना व मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांना लागू आहे. वैयक्तिक मालकीचे वर्कशॉप, दुकान किंवा साधी भागीदारी पेढी असल्यास कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे. तेथे वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि ठरलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होऊ शकते.

कंपनीने पगार थकवला म्हणून कामगार स्वतःदेखील तिच्याविरुद्ध न्यायाधिकरणात जाऊ शकतो; परंतु मार्च २०२० पासून त्यासाठी किमान थकबाकी एक लाखावरून एक कोटी रुपये करण्यात आली. एकट्या कामगाराला ही पायरी चढणे जवळपास अशक्य आहे. कामगार संघटना मात्र सर्वांची थकबाकी एकत्र करून अर्ज करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका ताग गिरणीच्या प्रकरणात मान्य केले आहे.

कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. कंत्राटदाराने वेतन दिले नाही, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. कंत्राटदार पळाला तरी ज्या कारखान्यात आपण काम केले, त्याच्याकडे मागणी करता येते.

आजपासून करण्याजोगे

दिवाळखोरी आल्यावर कागद शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. नोकरी सुरळीत असतानाच नेमणूकपत्र आणि दर महिन्याची पगाराची स्लिप घरी एका फाईलमध्ये ठेवावी. निधीचे पासबुक दर तिमाहीस मोबाईलवर तपासावे. पगारातून कपात होऊनही रक्कम जमा होत नसेल, तर तो मालकाच्या अडचणीचा पहिला इशारा समजावा आणि निधी कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. पगार दोन महिने थकला की तोंडी विनंतीवर न थांबता मागणीपत्र पाठवून त्याची पोच जपावी. कोऱ्या कागदावर किंवा 'सर्व हिशेब मिळाला' अशा पावतीवर पैसे हाती येण्यापूर्वी सही करू नये.

नोटीस लागल्यावर सहकाऱ्यांची यादी करावी, एक विश्वासू प्रतिनिधी निवडावा आणि मृत सहकाऱ्यांच्या कुटुंबांना त्या यादीत आवर्जून घ्यावे. त्या विधवांना आणि मुलांना दाव्याची जाहीर सूचना बहुधा कोणी वाचून दाखवत नाही. त्यांच्याही पतीने किंवा पित्याने त्या यंत्रांवर वर्षे घालवलेली असतात आणि त्याचा मोबदला मागण्याचा हक्क त्यांच्याकडे आलेला असतो. आपल्या शेजारी असे एखादे घर असल्यास त्यांना मुदतीची तारीख सांगावी आणि नमुना भरण्यास हातभार लावावा. वकिलाची गरज भासल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत कायदेविषयक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. महिलांना व औद्योगिक कामगारांना हे साहाय्य मिळण्याचा कायद्याने हक्क आहे.